ताई हरली, की मग मी काय करू?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी मुलगी 23 वर्षांची आहे. लालबागच्या चाळीत वाढली, बी.कॉम. झाली, एका छोट्या ऑफिसात अकाउंट्स बघते आणि कॅरम खेळते. तिचे बाबा आणि मोठे काका तरुणपणी दुहेरीत जोडीने उतरायचे. काकांना खेळाच्या जोरावर नोकरी लागली, बाबांना लागली नाही. पुढे आजोबांच्या खोलीवरून बिनसलं आणि दोन घरांतलं बोलणं थांबलं. काकांची मुलगी, म्हणजे पत्रातली ताई, राज्य पातळीवर खेळू लागली, तेव्हा बाबांनी आपल्या 9 वर्षांच्या मुलीला एकाच कामासाठी घडवायला घेतलं: ताईला हरवायचं. ताईच्या सामन्यांना जाऊन ते मागच्या रांगेत बसत आणि तिचा प्रत्येक शॉट वहीत उतरवून घेत. घरी मुलीने आधी ताईसारखं खेळायचं, मग त्यावर तोड काढायची. चाळीतली मुलं तिला ‘रोबो’ म्हणत.

चार महिन्यांपूर्वी दोघी समोरासमोर आल्या. तिसरा गेम, आठवा आणि शेवटचा बोर्ड, मुलगी 19, ताई 17. मुलीची एक व्हाइट शिल्लक, ताईची एक ब्लॅक, क्वीन अजून बोर्डावर. वही सांगत होती की थांब, ताईची ब्लॅक अडचणीत टाक, ती घाई करेल. मुलीने क्वीन डबलने, म्हणजे कडेवर आपटवून, घेतली. क्वीन गेली, पण कव्हरला, म्हणजे क्वीन पक्की करायला, लगेच मारलेली व्हाइट पॉकेटच्या तोंडाशी उभी राहिली. क्वीन परत मधे आली. ताईने ती घेतली, ब्लॅकने कव्हर केली आणि सामना 21-19 असा संपला. मुद्दाम हरलीस, असं म्हणून बाबांनी बोलणं टाकलं. आता ताईने पुढच्या मोसमात दुहेरीत जोडीने खेळू या का, म्हणून विचारलंय. बाबा म्हणतात, मग या घरात राहायचं नाही. मुलीला झोप लागत नाही. कॅरम सोडावं, वहीप्रमाणे खेळून ताईला एकदाच हरवून मोकळं व्हावं, की ताईला हो म्हणावं, हे तिला कळत नाहीये. तिचा 8 वर्षांचा भाचा मोबाइलवर सोनिकचा गेम खेळतो. त्यात सोनिकला संपवायला बनवलेला त्याचा लोखंडी जुळा आहे, मेटल सोनिक. भाच्याने विचारलं, ‘मावशी, सोनिक हरला की मग मेटल काय करणार?’ तिला उत्तर देता आलं नाही, म्हणून तिने पत्र लिहिलं.

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या बाबांचा राग आला, दुसऱ्यांदा तुझी काळजी वाटली. तिसऱ्या खेपेला एक ओळ दिसली, जी तू जाता जाता लिहून गेली आहेस: ‘मी सहा वर्षांची असताना ताईनेच मला गॅलरीत बसवून स्ट्रायकर कसा धरायचा ते दाखवलं होतं.’ त्या ओळीकडे मला यायचंय. पण आधी तुझ्या भाच्याचा प्रश्न, कारण त्याने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

तो मेटल सोनिक 1993 च्या ‘सोनिक सीडी’ या गेममध्ये पहिल्यांदा आला. एगमन नावाच्या खलनायकाने त्याला एकाच कामासाठी बनवलं, सोनिकपेक्षा जोरात धावायचं आणि त्याला संपवायचं. पुढे 2003 च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या ‘सोनिक हीरोज’मध्ये तो बनवणाऱ्याच्या हातून सुटतो. एगमनलाच कोंडून ठेवतो आणि स्वतःच्या मनाने डाव रचायला लागतो. आता हा मोकळा झाला, असं आपल्याला वाटतं. आणि तो काय जाहीर करतो? खरा सोनिक मीच, तो दुसरा माझी नक्कल. मला हे वाचून फार वाईट वाटलं गं. त्याला पहिल्यांदाच स्वतःचं डोकं मिळालं, आणि त्या डोक्यातही सोनिकच येऊन बसला.

तू मला तीन वाटा लिहून पाठवल्यास. कॅरम सोडणं, म्हणजे बाबांना धडा. ताईला एकदाच हरवणं, म्हणजे वहीची परतफेड. ताईशी जोडी करणं, म्हणजे, तुझ्याच शब्दांत, ‘बाबांना कळेल तरी’. तिन्ही वाटा मी उलटसुलट करून पाहिल्या. तिन्हींत ताई आहे, बाबा आहेत. सोंगट्या कुठेच नाहीत. पाच पानांच्या पत्रात तुला कॅरम आवडतं का, हे तू एकदाही लिहिलेलं नाहीस.

नाही, एका ठिकाणी लिहिलंयस. त्या शॉटबद्दल. ‘क्वीन डबलने दिसली आणि पाच सेकंद डोक्यात कुणाचाच आवाज नव्हता.’

तो शॉट मला समजून घ्यायचा होता. मला कॅरम गणपतीच्या जागरणापुरतंच येतं, म्हणून परळला एका मंडळाच्या खोलीत गेले. लांब वायरवर टांगलेला दिवा, त्याला पत्र्याची टोपी, खाली बोर्डावर नुकती पावडर टाकलेली. तिथे एक साठीचे गृहस्थ पोरांना शिकवतात. तुझं नाव-गाव न सांगता त्यांना बोर्ड मांडायला सांगितला. पत्रात तू कागदाच्या कडेला आकृती काढली होतीस, ती बरी कामाला आली. त्यांनी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग क्वीन तीनदा मारली, दोनदा गेली. त्यावर कव्हर मात्र एकदाही बसलं नाही, व्हाइट कडेला फारच चिकटून होती. ते म्हणाले, ‘दोन पॉइंटांनी पुढे असताना मी थांबलो असतो.’ स्ट्रायकर पुसून खाली ठेवला आणि पुन्हा म्हणाले, ‘पण शॉट आहे हं.’

ही दोन्ही वाक्यं मी तुझ्यासाठी जपून आणली आहेत. तू असं धरून चाललीयस की वहीत आहे ते बाबांचं आणि वहीच्या उलट आहे ते तुझं. त्या दिवशी हिशेबाने वही बरोबर होती. आणि तुला दिसलेला शॉटही खरा होता, पोरखेळ नव्हता. पुढच्या वेळी तू थांबलीस, ब्लॅक अडवलीस आणि जिंकलीस, तर ते थांबणंही तुझंच असू शकेल. प्रत्येक वेळी वही बघून तिच्या उलटच खेळायचं ठरवलंस, तर वही काही हातातून सुटली नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या ‘माझ्या हातात माझं काहीच नाही, सगळी ताईची नक्कल’ या वाक्याची. आपल्याकडे नकलेला फार लवकर नाक मुरडतात. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गात, अगदी तानेच्या वळणासकट. लोक त्या मुलाला ऐकायला गर्दी करत. मग तो मुलगा इथे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकायला राहिला. पुढे क्षयाने गाठलं, देवासला अंथरुणावर पडून राहावं लागलं, काही वर्षं गाणं बंद. त्या शांततेत माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली आणि उठले तेव्हा जे गायले ते दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. लहानपणी घेतलेलं त्यांनी टाकून दिलं का? मला तसं ऐकू येत नाही. तेच गळ्यात मुरलं होतं. ताईचा कट, ताईचा थंब 14 वर्षं तुझ्या बोटांत आहे. तो आता परत कुणाला देणार?

फरक पडतो तो वेठीचा. ‘रोबोट’ हा शब्द 1920 साली कारेल चापेक या चेक लेखकाने आपल्या नाटकात आणला. सुचवला होता त्याच्या भावाने, चित्रकार योसेफने. त्याच्या मुळाशी जो चेक शब्द आहे त्याचा अर्थ सक्तीचे कष्ट, आपल्या भाषेत वेठ. चाळीतल्या मुलांनी तुला ‘रोबो’ म्हटलं ते तू यंत्रासारखी अचूक मारतेस म्हणून. मला त्यातली वेठ दिसते. शाळेतून आल्यावर रोज तीन तास, ताई जिंकली त्या दिवशी चार. मुलांवर असं काम लादू नये. तुझे बाबा चुकले, हे मी आडपडदा न ठेवता लिहिते.

पण ते एगमन नाहीत. मला त्यांच्यात पुराणातला त्वष्टा दिसतो.

त्वष्ट्याची गोष्ट तुला अर्धीमुर्धी माहीत असेल. त्याच्या मुलाला, विश्वरूपाला, इंद्राने मारलं. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा जन्माला यावा म्हणून यज्ञ मांडला आणि अग्नीतून वृत्र निघाला, त्या एकाच कामासाठी. गंमत अशी, की मंत्रातल्या ‘इंद्रशत्रु’ या शब्दावरचा स्वर चुकला. म्हणायचं होतं ‘इंद्राला मारणारा’, उच्चारलं गेलं ‘इंद्र ज्याला मारणार आहे असा’. संस्कृत शिकवणारे स्वराचं महत्त्व सांगताना आजही हेच उदाहरण देतात. भागवताच्या सहाव्या स्कंधात हा वृत्र भेटतो तेव्हा तो नुसता मारेकरी उरलेला नाही. ऐन युद्धात तो देवाला म्हणतो, पंख न फुटलेली पिल्लं आईची वाट बघतात तसं माझं मन तुझी वाट बघतंय. आणि इंद्राच्या हातून वज्र गळून पडतं, इंद्र लाजून उभा राहतो, तेव्हा वृत्रच त्याला सांगतो, उचल ते, ही वाईट वाटून घेण्याची वेळ नाही. तो लढाई सोडून जात नाही. शेवटपर्यंत लढतो आणि मरतो. फक्त त्याचं इंद्राशी असलेलं नातं त्वष्ट्याने ठरवून दिलेलं उरत नाही.

तुझ्या बाबांचाही स्वर असाच कुठेतरी चुकला, आणि मला तो चुकला याचा आनंद आहे. त्यांना ताईचा पराभव घडवायचा होता. 14 वर्षं तुला ताईचा हात इतक्या बारकाईने बघायला लावून त्यांनी ताईची सगळ्यात जवळची शागीर्द घडवली.

आणि ती वही. तिच्याबद्दल मला एक गोष्ट सारखी वाटत राहिली आहे. चूक असेल तर सोडून दे. ताई कुणाकडून शिकली? काकांकडून. म्हणजे ताईच्या हातात काकांचा खेळ आहे. तुझे बाबा काकांसमोर बसून वर्षानुवर्षं दुहेरी खेळले. बोलणं बंद झाल्यावर ते दर सामन्याला जाऊन मागच्या रांगेत बसले आणि त्या हाताची एकेक लकब लिहून काढली. तुझ्या मते त्या 200 पानांत सूड आहे. मला त्यात एका माणसाला आपल्या भावाची आठवण येताना दिसते. त्वष्ट्याचा मुलगा गेला होता, तुझ्या बाबांची जोडी गेली. हे कळल्याने तुझी 14 वर्षं परत मिळणार नाहीत, आणि त्यांना माफ कर असंही मी म्हणत नाही. पण त्यांच्याशी बोलायला बसशील तेव्हा कुणाशी बोलतेयस हे ठाऊक असलेलं बरं.

आता त्या गॅलरीतल्या ओळीकडे. तू वारंवार लिहितेस, ‘बाबांनी मला बनवलं’. सहाव्या वर्षी स्ट्रायकर हातात कुणी दिला? ताईने. तेव्हा वही नव्हती, खोलीचा वाद तुझ्यापर्यंत आला नव्हता. तू लिहिलंयस की ताईने तुझी तर्जनी धरून सोडायला शिकवली आणि पहिली सोंगटी गेली तेव्हा तुम्ही दोघी इतक्या ओरडलात की शेजारच्या आजी बाहेर आल्या. मेटल सोनिकच्या आधी असं काहीच नव्हतं. तो कारखान्यातून थेट शर्यतीत उतरला. तुला तीन वर्षं जास्तीची मिळालीत, आणि ती बाबांच्या आधीची आहेत.

आता काय करायचं ते सांगते. यातलं बरंचसं, ज्यांना बारावीच्या मार्कांसाठी, नाचासाठी किंवा धंद्यासाठी कुणाच्या तरी विरोधात वाढवलंय, त्यांनाही चालेल.

ताईला लगेच हो किंवा नाही म्हणू नकोस. महिनाभर मागून घे. त्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, ओळखीच्या मंडळात नको, दुसरीकडे कुठेतरी एकटी बोर्डावर बस. व्हाइटही तूच, ब्लॅकही तूच. समोर कुणी नाही, पॉइंट मांडायचे नाहीत. कंटाळा आला तर उठ, आणि कंटाळा आला हेही लक्षात ठेव, ते उत्तर असू शकतं. पण एखादा शॉट बसत नाही म्हणून नवाची लोकल चुकवून तू तिथेच राहिलीस, तर कॅरम सोडायचा प्रश्न माझ्या मते तिथेच मिटला. सोडायचंच ठरलं तर तेही मोकळ्या मनाने सोड. 14 वर्षं दिली म्हणून पुढची द्यायलाच हवीत, असं कुठे आहे?

वही जाळू नकोस. पत्रात तू तसं लिहिलंयस, म्हणून सांगते. ती बाबांच्या हातात परत दे आणि त्यांना एकच विचार: ‘तुमच्या आणि काकांच्या दुहेरीतला तुमचा सगळ्यात चांगला बोर्ड कोणता?’ ताईचं नाव काढू नकोस, हरल्याचा खुलासा देऊ नकोस. ‘मुद्दाम हरले नाही’ हे तू त्यांना एकदा सांगितलंयस, तेवढं पुरे. ते कदाचित उत्तर देणार नाहीत. उठून गॅलरीत जाऊन उभे राहतील. राहू देत. आठवड्याने पुन्हा विचार.

जोडीने खेळायचं ठरलं, तर प्रवेशअर्ज भरायच्या आधी ते बाबांना तू स्वतः सांग, घरात, समोर बसून. मंडळाच्या फळ्यावरून त्यांना कळता कामा नये. त्यांना काय वाटेल याची जबाबदारी तुझी नाही. पण आडून कळलेल्या गोष्टीची जखम वेगळी असते आणि तुमच्या घरात तसल्या जखमा आधीच पुष्कळ आहेत.

घर सोडायला लावण्याची धमकी हलक्यात घेऊ नकोस, पण तिला घाबरून निर्णयही घेऊ नकोस. पगार तुझ्या एकटीच्या खात्यात येतो ना, याची खात्री कर. कागदपत्रं, पदवीचं सर्टिफिकेट, खेळाची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये हाताशी ठेव. डोंबिवलीच्या मावशीबद्दल तू लिहिलंयस, तिच्याशी आताच बोलून ठेव की वेळ आली तर दोन महिने राहता येईल का. तिथून ऑफिसला येताना गाडीची गर्दी तुझा जीव काढेल, पण डोक्यावर छप्पर आहे हे माहीत असलं की माणूस घरात शांतपणे बोलू शकतो. स्पर्धेची फी यापुढे स्वतःच्या पैशाने भर, अगदी बाबांच्या मनासारखी स्पर्धा असली तरी.

झोपेचं मात्र लांबणीवर टाकू नकोस. चार महिने नीट झोप नाही हे फार झालं. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. कॅरमच्या शॉटमुळे झोप गेली म्हणून फोन करतेय, असं सांगायची लाज वाटून घेऊ नकोस. त्यांना त्यामागचं कळेल.

परळच्या त्या गृहस्थांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली, ती माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. एकेरीत प्रतिस्पर्धी समोर बसतो. दुहेरीत जोडीदार समोर बसतो आणि प्रतिस्पर्धी दोन बाजूंना. म्हणजे ताईशी जोडी केलीस, तर ती त्याच खुर्चीवर असेल जिथे 14 वर्षं तू तिला मनात बसवलीस. तोच चेहरा, तोच वर आलेला अंगठा. तुला ते झेपेल का, हे मला इथून सांगता येत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ तिच्यासमोर नुसतीच खेळायला बस, जमलं तर चाळीच्या त्याच गॅलरीत. ब्रेक तिला दे.

भाच्याला अजून उत्तर द्यायचं राहिलंय. त्याला सांग, मावशीला माहीत नाही, पण मावशी शोधतेय. आणि त्याला मांडीवर घेऊन एक सोंगटी मारायला शिकव. तर्जनी धरून, तुला शिकवली तशी.

पुढचं पत्र लिहिशील तेव्हा कोण जिंकलं ते लिहू नकोस. कडेला चिकटलेल्या त्या व्हाइटचं कव्हर एकदा तरी बसलं का, तेवढं कळव. परळच्या गृहस्थांनीही विचारलंय.